सुनेची गाऱ्हाणी घेऊन बंगलोरला

बंगलोरला जाऊन आल्याचं कळलं की सांगलीतल्या बायका दोनच प्रश्न विचारतात. लालबाग पाहिली का, आणि चंदनाच्या उदबत्त्या आणल्या का. लालबाग मी पाहिली नाही. उदबत्त्या आणल्या, पण त्या लोणच्याच्या बरणीखाली सापडून मोडल्या. मग चार दिवस तिथे केलंत तरी काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे की चार दिवस मी एकच वाक्य बोलायला बघत होते आणि ते मला कुणी पुरं करू दिलं नाही.

आधी जाण्याचं कारण सांगते. माझा मुलगा वसंत बंगलोरला टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षं तो फ्रेझर टाउन नावाच्या भागात एका ख्रिस्ती जोडप्याकडे खोली घेऊन राहत होता आणि त्याची बायको सुशीला सांगलीला माझ्याजवळ होती. जानेवारीत त्याचं पत्र आलं. के. आर. पुरमच्या पुढे कारखान्याची वसाहत आहे, तिथे त्याला दोन खोल्या मिळत होत्या. हवं की नको ते सोमवारपर्यंत सांगायचं होतं. "सुशीलेला आता घेऊन येईन म्हणतो," असं त्यानं शेवटी लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली मला नमस्कार.

मला ते मुळीच पसंत नव्हतं. सुशीलेनं सांगलीतच राहावं, असं माझं ठाम मत होतं. तिच्यात संसार एकटीनं चालवण्याची अक्कल नाही, हे मला मुलाला पटवून द्यायचं होतं, आणि असल्या गोष्टी पत्रात लिहून भागत नाही. समोर बसवून, एकेक प्रसंग सांगून गळी उतरवाव्या लागतात. म्हणून मी शेजारच्या मावशींना घरात सोबतीला बोलावलं, सुशीलेला "मुलाला बघून येते" एवढंच सांगितलं आणि मिरजेला गाडीत बसले. वाटेत सुशीलेनं दिलेल्या दशम्या खाताना मी गाऱ्हाणी मनात ओळीनं लावून ठेवली. चांगली सात होती. वळकटी सोडली तर आत तिनं मला न विचारता एक जाडा स्वेटर कोंबलेला. बंगलोरला थंडी असते म्हणे. ते आठवं धरलं.

फ्रेझर टाउन, शुक्रवार

घर कौलारू, पुढे गुलाब आणि क्रोटनच्या कुंड्या, खिडक्यांवर लाकडी झालर. दारात उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात एकेक बांगडी. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या माझ्यासारख्याच. तेवढ्यात आतून त्यांचे यजमान वर्तमानपत्र घेऊन धडधाकट बाहेर आले. त्यांच्यात सवाष्णी कुंकू लावत नाहीत, हे वसंतानं मला आधी सांगायला हवं होतं. माझ्या चेहऱ्यावर नको तेवढी दया दिसली असणार.

बाईंचं नाव ज्ञानम्मा. यजमान शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे मास्तरच म्हणत. माझं माहेर चिकोडीचं, त्यामुळे कानडी मला येतं. पण आमचं कानडी रांगडं आणि यांचं धुतल्यासारखं. त्या घरात कुणालाच 'तू' म्हणत नसत. नवरा बायकोला 'तुम्ही', बायको नवऱ्याला 'तुम्ही', इथपर्यंत ठीक आहे. पण झाडणारीलाही 'तुम्ही'? आमच्या बोलण्याचं इथे मी मराठी करून देते आहे, त्यात ही गंमत थोडी कमी होते.

"या अक्का, दमला असाल. आधी कॉफी घ्या, मग बोलू," ज्ञानम्मा म्हणाल्या.

मेजावर इडल्या आल्या, हिरवी चटणी आली. मला कडकडून भूक लागली होती. मी इडलीचा तुकडा तोंडात घातला आणि वर पाहते तो तिघंही डोळे मिटून हात जोडून बसलेले. माझा वसंतसुद्धा! मास्तरांनी अन्नाबद्दल देवाचे आभार मानायला सुरुवात केली. इडलीचे मानले, ती रांधणाऱ्या हातांचे मानले, मला सुखरूप आणणाऱ्या गाडीचे आणि गाडीच्या ड्रायव्हरचे मानले. तोंडात घास धरून मी ताटकळले. चावावं तर आवाज होतो, गिळावं तर मिरची घशाला लागलेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. प्रार्थना संपली, ज्ञानम्मांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात हलकेच दाबला. त्यांना वाटलं, मी गहिवरले.

आमच्याकडेही जेवायच्या आधी चित्राहुती घालतात, वदनी कवळ म्हणतात. पण ते पानावर बसता बसता उरकतं. या घरात कॉफीच्या आधी प्रार्थना, केळ्याच्या आधी प्रार्थना. त्यात इडली निवते आणि निवलेली इडली ही काय चीज असते ते तोंडात घातल्याशिवाय कळायचं नाही.

वसंत अर्ध्या दिवसाची रजा काढून थांबला होता. ज्ञानम्मा आत गेल्या तशी मी खुर्ची पुढे ओढली.

"वसंता, तुझ्या बायकोचं काय सांगू तुला..."

त्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत एक जुना रुमाल लावला होता, त्यावर लाल दोऱ्यानं कानडी अक्षरं भरलेली. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही.

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"'जो या मेजावर नाही, तोही आमचा पाहुणा आहे.' म्हणजे आई, जो समोर नाही त्याच्याबद्दल इथे कुणी बोलत नाही."

"अरे, समोर नाही म्हणूनच तर बोलायचंय!"

"ती समोर असताना सांग ना. मी सांगलीला येईन तेव्हा सगळं ऐकतो."

"आणि तोवर काय मी पोटात घेऊन बसू?"

"फारच असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेत सांगायचं," तो म्हणाला. "नसलेल्या माणसाबद्दल फक्त देवाशी बोलायचं, अशी या घराची पद्धत आहे. बाकी काही नाही."

मी कपाळावर हात मारला. पोर बाटणार, अशी सांगलीत मला सगळ्यांनी भीती घातली होती. तसं काही झालेलं नव्हतं. खोलीत त्याचा गणपती होता, त्याला ताजं जास्वंद वाहिलेलं होतं, आणि ते फूल रोज ज्ञानम्माच बागेतून तोडून त्याच्या दाराशी ठेवत. बाटला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मी त्याला रस्त्यावर फिरायला नेलं, की रुमालाचं राज्य फाटकापाशी संपत असेल. पण सवय त्याच्या अंगातच मुरली होती. मी "सुशीला" म्हटलं की तो झाडं दाखवायचा.

संध्याकाळी सातला दिवाणखान्यात प्रार्थना झाली. मी व्हरांड्यात बसून ऐकली. आधी पेटीवर एक लांबलचक गाणं, मग पुस्तकातलं वाचन, मग एकेकानं डोळे मिटून मनातलं बोलायचं. सकाळी दूधवाल्यानं दुधात पाणी घातलेलं मी स्वतः पाहिलं होतं. त्यावर ज्ञानम्मा त्याला काय म्हणाल्या असतील? "आज दूध थोडं पातळ वाटतंय. तुमच्याकडे काही अडचण आहे का?" आता मास्तर त्याच दूधवाल्याच्या आजारी म्हशीसाठी देवाला साकडं घालत होते. आणि मग माझ्या कानावर आलं, "दूर असलेल्या सुशीलम्मांना सुखात ठेव."

दोन वर्षं रोज ते हे म्हणत आले होते, असं वसंत नंतर म्हणाला.

"आणि माझं काय?"

"तुझंही नाव असतं. सुशीलम्मांच्या सासूबाईंना आरोग्य दे, असं म्हणतात. आज तू समोर आहेस म्हणून घेतलं नाही."

म्हणजे देवाच्या दरबारातही माझी ओळख सुनेवरून! मी पाठ फिरवून झोपायला गेले. पहाटे इतकं गारठलं की उठून मुकाट्यानं स्वेटर घातला.

शनिवार, बळेपेट

वसंत कामाला गेला. माझा जीव गाऱ्हाण्यांनी कोंडला होता. मग आठवलं, बळेपेटेत आमची लक्ष्मक्का राहते. ती माझ्या आत्येनणंदेच्या सासरची. ही मंडळी शहाजीराजांच्या वेळेस इकडे आली ती इथलीच झाली. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडीची अशी मिसळण की सांगलीच्या माणसानं दोनदा ऐकावं. मी जटका केला. जटका म्हणजे तिथला टांगा, पण छप्पर इतकं बुटकं की बसणारीनं घडी होऊन बसावं. डोकं दोनदा आपटलं. तरी मी आनंदात होते, कारण लक्ष्मक्का माणसातली बाई आहे, ऐकून घेणारी.

"या की अक्का! ऊट झालं का? स्वल्प कॉफी तरी घ्या," म्हणत तिनं मला आत ओढलं. ऊट म्हणजे जेवण. तिची जाऊ होती, दोघींनी मला मध्ये बसवलं, पुढे पिठीसाखर भुरभुरलेली चिरोटी आणि वर गरम बदामाचं दूध. प्रार्थना नाही, काही नाही. मी हात घातला आणि सुरू झाले. सुशीला सातशिवाय उठत नाही. भाजीत गूळ विसरते. चुलीवर दूध ठेवून खिडकीत उभी राहते. त्या दोघी "अय्यो!" म्हणत, "असं कां हो करावं तिनं?" म्हणत. दोन तास कसे गेले कळलं नाही. अंग हलकं झालं. नमस्कार करून मी खाली उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं की चष्मा वरच राहिला.

चष्म्याशिवाय मला जटक्यातला घोडा आणि टांगेवाला वेगळा ओळखता येत नाही. परत जिना चढले. अर्ध्या जिन्यात लक्ष्मक्काचा आवाज आला.

"सुनेला नावं ठेवते, पण सून गेली तर हिचं ऐकायला कोण आहे सांग बघू."

"तेच की," जाऊ म्हणाली. "त्या पोरीनं तीन वर्षं सोसलं हेच जास्ती. मी असते तर हुच्चच झाले असते."

हुच्च म्हणजे वेडी. दोघी खळखळून हसल्या. मी कठडा धरून उभी राहिले. राग आला, खूप आला, पण त्याहून वाईट असं की मला त्या जिन्यात एकदम एकटं वाटलं. आत जाऊन सुनावावं म्हटलं तर सुनावणार काय? दोन तास मी स्वतः तेच करत होते. शेवटी मी जोरात खोकले.

"या या अक्का!" लक्ष्मक्का दारात आली. "तुमचंच कौतुक चाललं होतं बघा."

मी चष्मा घेतला आणि निघाले. परतीच्या जटक्यात डोकं आपटलं ते कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ज्ञानम्मांनी विचारलं, "नातेवाईक भेटले का? बरे आहेत ना सगळे?"

"बरे आहेत," मी म्हटलं. पुढचं सगळं जिभेवर आलं होतं, पण भिंतीवर तो रुमाल होता. प्रार्थनेला त्या दिवशी मी आत जाऊन बसले. माझी पाळी आली तेव्हा नुसते हात जोडले.

रविवार

सकाळी देवळात, म्हणजे त्यांच्या देवळात, गेलो. मला घरी एकटीला ठेवणं ज्ञानम्मांना प्रशस्त वाटेना. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, बायकांच्या डोक्यावर पदर. इतकं आमच्यासारखं आणि पुढे मात्र सगळं निराळं. प्रसादाच्या रांगेत धक्काबुक्की नाही, कुणी कुणाला ओलांडून पुढे जात नाही. एक तास प्रवचन झालं. कानडी ग्रांथिक, मला चौथाई कळलं. मांडी घालून बसायची सवय, बाकावर पाय लोंबकळून मुंग्या आल्या. बाहेर येताना जो तो हात जोडून "वंदने" म्हणत होता. एका अनोळखी बाईनं माझे दोन्ही हात धरून विचारलं, "अम्मा, तुमच्यासाठी काय मागू देवाजवळ?"

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? आमच्या देवळात फार तर चपला सांभाळायला सांगतात. मी म्हटलं, "काही नको, मी उद्या जाणार आहे."

दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. थंडीत तिथे पावट्यांचा हंगाम असतो आणि सगळं शहर पावट्यांवर तुटून पडतं. दाणे भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवायचा. त्याची आमटी करतात, नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर खातात. गोळा चावायचा नाही, गिळायचा. मी पहिल्या दिवशी चावला आणि दात एकमेकांना चिकटले. पण आमटी झकास. भात, आमटी, कोशिंबीर, मी होते तोवर घरात मासळी शिजली नाही, आणि ती माझ्यासाठी बंद आहे असंही कुणी मला सांगितलं नाही. वसंताकडून कळलं.

आता मला सांगा, दोन बायका परातीत हात घालून दाणे सोलत बसल्यात, समोर दोन तास मोकळे आहेत. सांगलीत एवढ्या वेळात आम्ही अख्खी गल्ली सोलून ठेवतो. ज्ञानम्मा गाणं गुणगुणत होत्या. मला राहवेना.

"ज्ञानम्मा, हे असं तोंड बांधून तुम्हांला जगवतं कसं? माणसाला मन मोकळं करायला नको?"

त्या हसल्या. "मला काय विचारता अक्का? तो रुमाल माझ्या सासूबाईंनी भरलाय."

"फार साध्वी असतील."

"छे हो. जिभेनं फार तिखट. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारी, भावकी, सगळ्यांना माझं सगळं माहीत असायचं. मी मीठ किती घालते इथपर्यंत. मी रडायची. मास्तर काही बोलायचे नाहीत. मग एक दिवस सासूबाईंनी बाजारातून लाल दोरा आणला. तीन महिने भरत बसल्या. मला वाटलं, मला शहाणपण शिकवायला करतायत. भरून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या खुर्चीसमोर लावला. माझ्या नाही. आजही बघा, माझ्या खुर्चीवरून तो दिसत नाही."

"आणि मग सुधारल्या?"

"पहिल्या वर्षी नाही," ज्ञानम्मा म्हणाल्या आणि एक दाणा टपकन परातीत पडला. "पण बोलता बोलता थांबायला लागल्या. त्या थांबल्या की मला कळायचं, माझ्याबद्दलच होतं. मग आम्ही दोघी हसायचो."

मी पाहुणी म्हणून मला ज्या खुर्चीवर बसवलं होतं, तिच्यावरून तो रुमाल थेट समोर दिसत होता, हे आता ध्यानात आलं. त्यांनी मुद्दाम बसवलं असेल असं नाही. तरीही मला वैताग आला.

रविवार, संध्याकाळी सात

सोमवारी सकाळी वसंत कारखान्यात खोल्यांचं उत्तर देणार होता आणि दुपारी माझी गाडी होती. तीन दिवस होत आले आणि माझं एकही गाऱ्हाणं त्याच्या कानापर्यंत गेलेलं नव्हतं. तेव्हा मला युक्ती सुचली. नसलेल्या माणसाबद्दल देवाशी बोलायला परवानगी आहे ना? मग मी देवाशीच बोलेन, मराठीत बोलेन, आणि वसंत दोन हातांवर बसलेला असेल. उठून जाता येणार नाही, मध्ये बोलता येणार नाही, झाडं दाखवता येणार नाहीत.

गाणं झालं, वाचन झालं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं तशी मी म्हटलं, "मी म्हणते आज. मराठीतून चालेल ना?"

"देवाला सगळं येतं," मास्तर म्हणाले आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे गजानना," मी सुरुवात केली, "माझ्या सुनेला सुबुद्धी दे."

"आमेन," मास्तर आणि ज्ञानम्मा एकदम म्हणाले.

मी दचकले. दुसरं कुणी मागत असताना मधून मधून असं म्हणायची त्यांची पद्धत. आमेन म्हणजे असंच होवो, हे वसंतानं मला सांगितलं होतं.

"ती सकाळी सातशिवाय उठत नाही."

"आमेन."

असंच होवो! दोन म्हाताऱ्या माणसांनी मनापासून देवाला सांगितलं की सांगलीच्या सुशीलेनं सातलाच उठावं. मला घाम फुटला. पण आता थांबणार कशी?

"भाजीत गूळ घालायला विसरते."

"आमेन."

"मी बोलले तर उलट उत्तर देत नाही. नुसती खाली मान घालून भांडी घासत राहते, आणि मग मला जास्त संताप येतो."

"आमेन."

"दुपारी मला डोळ्यांनी वाचवत नाही म्हणून पेपर वाचून दाखवते, पण कुणी गेल्याची बातमी आली की गाळते. मी घाबरेन म्हणून गाळते. आणि विचारलं की नाही म्हणून खोटं बोलते."

"आमेन."

"मला न विचारता माझ्या वळकटीत स्वेटर कोंबते."

स्वेटर माझ्या अंगात होता. गाऱ्हाणी संपली होती आणि मी कुठे येऊन पोचले होते ते माझं मलाच कळेना. आता फक्त शेवटचं मागायचं राहिलं होतं, ज्यासाठी इतक्या लांब आले ते. ती सांगलीतच राहू दे. एवढं म्हटलं की काम झालं. वसंत आईनं देवाजवळ मागितलेलं मोडणारा मुलगा नाही.

मी डोळे उघडले. दोघं म्हातारे हात जोडून वाट पाहत होते. मी जे मागेन त्याला ते आमेन म्हणणार होते. शब्द कळत नव्हते तरी म्हणणार होते, कारण एका पाहुण्या बाईनं मागितलेलं चांगलंच असणार असं ते धरून चालले होते. आणि वसंतानं डोळे इतके घट्ट मिटले होते, जितके लहानपणी देवी टोचताना मिटायचा. त्याला माहीत होतं मी काय मागणार ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"देवा," मी म्हटलं, "ती गेल्यावर घरात मी कुणाशी बोलू?"

आमेन आलं नाही. प्रश्नाला आमेन म्हणत नाहीत बहुधा. किंवा मास्तरांना माझ्या आवाजावरून कळलं असेल. मला रडू आलं, आणि यावेळी चटणीमुळे नाही. मग मी नाक पुसलं आणि भरभर म्हणून टाकलं, "तिला तिच्या घरी सुखात ठेव. दूध उतू जाऊ देऊ नकोस."

"आमेन," वसंत म्हणाला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खोल्या घेतल्याचं कळवलं. ज्ञानम्मांनी निरोप देताना मला हंगामातले सोललेले पावटे पुडीत बांधून दिले, आणि त्या पुडीवरही मास्तरांनी प्रार्थना केली. गाडी चुकते की काय, असं मला वाटत होतं.

सांगली

हे सगळं मी परत आल्यावर लिहून काढलं. पण दुपारनंतर मला माझंच अक्षर लागत नाही. आणि ज्या माणसाबद्दल लिहिलं, त्याच्या मागे ते कुणाला दाखवायचं नाही, एवढी सवय मलाही चार दिवसांत लागली होती. म्हणून काल दुपारी सुशीलेला समोर बसवलं, कागद तिच्या हातात दिले आणि म्हटलं, मोठ्यानं वाच.

तिची ट्रंक भरून झाली आहे. येत्या गुरुवारी वसंत न्यायला येतो आहे. ती पाय मुडपून बसली आणि पेपर वाचते तसं एका सुरात वाचू लागली. चिरोटीपाशी हसली. जिन्यापाशी हसली नाही. एकदा थांबून म्हणाली, "आई, मी सातला नाही उठत. साडेसहाला उठते." मी म्हटलं, तो आता देवाकडे गेलेला मजकूर आहे, माझ्या हातात काही नाही.

मग प्रार्थनेचा भाग आला. हिंमत करून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. स्वेटर झाला, वसंताचे मिटलेले डोळे झाले, आणि तिथून ती एकदम "तिला तिच्या घरी सुखात ठेव" वर आली.

"मधली एक ओळ गाळलीस," मी म्हटलं.

"नाही आई," ती कागद खाली न करता म्हणाली. "एवढंच आहे."

ती खोटं बोलते, हे मी वर लिहिलंच आहे.